एक डोळा झाकून पाहा

पहिली-दुसरीतलं मूल शाळेतल्या तपासणीची चिठ्ठी घेऊन घरी येतं. उजवा डोळा 6/6, डावा 6/36. आई-बाबांना ते पटत नाही. मूल सायकल चालवतं, चेंडू झेलतं, बसची पाटी लांबून वाचतं. मग डॉक्टरांकडे जाणं होतं, नंबर काढला जातो, चष्म्याची काच डाव्या डोळ्यासमोर धरली जाते, तरीही तक्त्यावरच्या वरच्या दोन-तीन ओळींच्या पुढे गाडी सरकत नाही. डॉक्टर आत डोकावून बघतात तर बुबुळ, भिंग, पडदा सगळं ठणठणीत. निदान होतं 'आळशी डोळा', आणि पालकांचा प्रश्न ठरलेला असतो: डोळा चांगला आहे, तर दिसत का नाही?

याचं उत्तर डोक्याच्या मागच्या बाजूला आहे. पडद्यावर उमटलेल्या चित्राचे संदेश दहा-बारा लाख तंतूंच्या नसेतून आत जातात, थॅलॅमस या भागात एक टप्पा घेतात आणि मेंदूच्या पार मागे असलेल्या दृष्टिकेंद्रात पोचतात. रेघ उभी की आडवी, वस्तू जवळ की लांब, याचा उलगडा तिथे होतो. ही व्यवस्था जन्मतः अर्धीमुर्धी असते आणि पहिल्या काही वर्षांत, बघता बघताच पुरी होते. त्या वर्षांत एका डोळ्याकडून स्पष्ट चित्र आलं नाही, तर त्या डोळ्याचं म्हणणं समजून घ्यायला मेंदू शिकतच नाही. पुढे चष्म्यानं चित्र लख्ख केलं तरी ते उमगणारी यंत्रणा आत तयार झालेली नसते. म्हणून माझा आग्रह एवढाच आहे, की प्रत्येक मुलाचे दोन्ही डोळे वेगवेगळे तपासले जावेत, आणि तेही पहिलीत जाण्याच्या बरंच आधी. हा आग्रह कशासाठी, ते समजून घ्यायचं तर मेंदूत काय घडतं ते थोडं बघावं लागेल.

नजरेची जुळवाजुळव पोटातल्या अंधारातच सुरू होते. पडद्यातून निघालेले तंतू मेंदूत आपापली जागा कशी शोधतात, हा जुना प्रश्न. अमेरिकेतल्या रॉजर स्पेरी यांनी 1940च्या दशकात बेडकांचे डोळे उलटे, म्हणजे 180 अंशांत फिरवून बसवले. माशी वर असली की हे बेडूक खाली झेप घ्यायचे, आणि कितीही वेळा फसले तरी ती चूक सुधारायची नाही. याचा अर्थ, प्रत्येक तंतू रासायनिक खुणांच्या आधारानं ठरलेल्या ठिकाणी जाऊन जोडला जात होता. अनुभवाला तिथे वाव नव्हता. पण खुणांनी फक्त ढोबळ आखणी होते. पुढचं रेखीव काम पेशींच्या हालचालीतून होतं. इटलीतल्या लुचिया गॅली आणि लांबेर्तो माफेई यांनी 1988मध्ये उंदराच्या न जन्मलेल्या पिल्लांच्या पडद्यातले संदेश नोंदवले, तेव्हा प्रकाशाचा मागमूस नसतानाही पडद्यातल्या पेशी आपणहून संदेश पाठवत असल्याचं दिसलं. 1991मध्ये कार्ला शॅट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की हे संदेश पडद्यावरून लाटांसारखे सरकत जातात. शेजारच्या पेशी एकदम जाग्या होतात, पण उजव्या आणि डाव्या डोळ्यांतल्या लाटांची वेळ जुळत नाही. या फरकावरूनच थॅलॅमसमध्ये दोन डोळ्यांचे तंतू वेगवेगळ्या थरांत विभागले जातात. हे सगळं पिल्लानं डोळे उघडण्याआधी.

दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांचा प्रश्न मी इथेच घेतो, कारण तिथे वेळ फार थोडा असतो. पडद्याच्या रक्तवाहिन्या कडेपर्यंत पोचायला गर्भातले शेवटचे आठवडेही लागतात. बाळ लवकर जन्मलं की त्या अर्ध्यावर थांबतात आणि काही बाळांमध्ये नंतर वेड्यावाकड्या वाढून पडदाच ओढून सोडवतात. 34 आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा 2 किलोपेक्षा कमी वजनाच्या प्रत्येक बाळाच्या पडद्याची तपासणी जन्मापासून 30 दिवसांच्या आत व्हायलाच हवी. फार लवकर जन्मलेल्या बाळांची तर त्याहूनही आधी, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात. बाळ पेटीत असताना वजन, दूध, श्वास या चिंतांमध्ये ही तपासणी राहून जाते. डिस्चार्जच्या कागदावर तिची तारीख लिहिलेली नसेल, तर घरी निघण्याआधी तुम्हीच विचारा. वेळेवर सापडल्यास लेझरनं किंवा इंजेक्शननं नजर वाचवता येते.

नवजात बाळाला जग धूसर दिसतं. 20 ते 30 सेंटीमीटरवरचा चेहरा, म्हणजे अंगावर पाजणाऱ्या आईचा चेहरा, त्यातल्या त्यात बरा दिसतो. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात बाळ नजरेला नजर देऊ लागतं, हलत्या खेळण्यामागे डोळे फिरवू लागतं. तिसऱ्या ते पाचव्या महिन्यात दोन्ही डोळ्यांची चित्रं एकत्र जुळून खोली कळायला लागते. या काळात मेंदूतल्या जोडण्या झपाट्यानं वाढत असतात. शिकागोच्या पीटर हटनलोकर यांनी मोजून दाखवलं, की माणसाच्या दृष्टिकेंद्रात जोडण्यांची दाटी आठव्या महिन्याच्या सुमारास सर्वाधिक असते आणि पुढे साधारण अकराव्या वर्षापर्यंत त्यांची छाटणी चालते. कोणती जोडणी ठेवायची, कोणती छाटायची, हे वापरावर ठरतं.

वापर म्हणजे नेमकं काय, हे डेव्हिड ह्यूबल आणि टॉर्स्टन वीझल या दोघांनी दाखवून दिलं. 1958 सालची गोष्ट. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये ते मांजराच्या दृष्टिकेंद्रातल्या एकेका पेशीला बारीक तार लावून तिचे संदेश स्पीकरवर ऐकत होते. काचपट्टीवरचा काळा ठिपका मांजराच्या नजरेसमोरच्या पडद्यावर टाकायचा आणि पेशी बोलते का बघायचं, असा क्रम तासन् तास चालला होता. पेशी गप्पच. मग काचपट्टी यंत्रात सरकवताना अचानक स्पीकर तडतडू लागला. ठिपक्याशी त्या पेशीला काही घेणंदेणं नव्हतं. सरकणाऱ्या काचपट्टीच्या कडेची पुसट सावली, एका ठरावीक कलात तिरकी जाणारी रेघ, तिला हवी होती. दृष्टिकेंद्रातल्या पेशी कडा आणि त्यांचा कल ओळखतात, हे त्यातून उघड झालं. 1981चं नोबेल त्यांना स्पेरी यांच्यासोबत विभागून मिळालं.

पालकांच्या दृष्टीनं महत्त्वाचं आहे ते हार्वर्डमध्ये गेल्यावर त्यांनी केलेलं पुढचं काम. मांजराच्या पिल्लाची एक पापणी शिवून बंद केली आणि दोन-तीन महिन्यांनी उघडली. डोळा शाबूत होता, पडद्यातल्या पेशी व्यवस्थित प्रतिसाद देत होत्या. पण दृष्टिकेंद्रात त्या डोळ्याचं ऐकणारी पेशी जवळजवळ उरली नव्हती. पिल्लू त्या डोळ्यानं व्यवहारात आंधळंच झालं होतं. मोठ्या मांजराचा डोळा कितीतरी जास्त काळ बंद ठेवला तरी असं काही होत नसे. चौथ्या-पाचव्या आठवड्यात मात्र तीन-चार दिवसांची बंदीही पुरे होती, आणि तिसरा महिना संपता संपता हा धोका संपायचा. या ठरावीक मुदतीला संवेदनशील काळ म्हणतात.

त्याहून चकित करणारी गोष्ट म्हणजे, दोन्ही डोळे बंद ठेवले तर एका डोळ्याच्या बंदीइतकं एकतर्फी नुकसान व्हायचं नाही. म्हणजे नुसत्या अंधारानं डोळा मागे पडत नव्हता, शेजारचा डोळा त्याला मागे सारत होता. दृष्टिकेंद्रात दोन्ही डोळ्यांच्या वाट्याचे पट्टे एकाआड एक असतात. एक डोळा बंद पडला की दुसऱ्याचे पट्टे रुंदावतात आणि त्याचे आक्रसतात. दोन भावांच्या लागून असलेल्या शेतांत एक भाऊ गावी नसताना दुसऱ्यानं दरवर्षी थोडा थोडा बांध कोरावा, तसंच हे. आणि कोरलेली जमीन परत मिळवायची तर बांध कोरणाऱ्याला काही काळ शेतात उतरू न देणं हाच उपाय. चांगल्या डोळ्यावर पट्टी लावतात ती याचसाठी.

पिल्लाची पापणी शिवावी लागली. मुलांमध्ये तेच काम साध्यासुध्या गोष्टी करतात. सर्वांत जास्त वेळा फसवतो तो दोन डोळ्यांच्या नंबरातला फरक. एका डोळ्याला प्लस नंबर दुसऱ्यापेक्षा दीडच्या आसपास जास्त असला, तरी तेवढ्यानं तो डोळा मागे पडू शकतो. बाहेरून काही दिसत नाही, मूल तक्रार करत नाही, कारण दोन्ही डोळे उघडे असताना त्याला छानच दिसत असतं. दुसरं कारण तिरळेपणा. दोन डोळे दोन दिशांना बघत असतील तर मेंदूला दोन वेगळी चित्रं मिळतात, आणि गोंधळ टाळायला तो एका डोळ्याचं चित्र बाजूला टाकतो. तिसरं कारण सर्वांत विरळ पण सर्वांत तातडीचं: जन्मजात मोतीबिंदू, किंवा बाहुली झाकणारी पडकी पापणी.

तिरळ्या मुलाला भाग्यवान म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे, आणि 'मोठं झालं की सरळ होईल' हे तर घरोघरी ऐकू येतं. पहिल्या तीन-चार महिन्यांत डोळा अधूनमधून भरकटतो, ते चालतं. काही बाळांच्या नाकाचं मूळ रुंद असल्यानं डोळे आत वळल्यासारखे नुसते भासतात. हे घरी पडताळता येतं. मोबाइलच्या फ्लॅशनं समोरून फोटो काढा आणि मोठा करून पाहा. दोन्ही बाहुल्यांवर प्रकाशाचा पांढरा ठिपका एकाच जागी पडलेला असेल तर बहुतेक वेळा तो भास असतो. एका डोळ्यात ठिपका सरकलेला असेल तर डोळा खरंच वळलेला आहे. चौथ्या महिन्यानंतर टिकून राहिलेला तिरळेपणा आपोआप जाईल म्हणून वाट पाहू नका. अशा प्रत्येक महिन्यात बांध थोडा थोडा सरकत असतो.

त्याच फोटोत आणखी एक गोष्ट बघा. फ्लॅशमध्ये बाहुली लाल दिसते. एका डोळ्याची बाहुली पांढरट किंवा पिवळसर चमकत असेल, किंवा नुसत्या डोळ्यांनीही बाहुलीत पांढरं दिसत असेल, तर त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञ गाठा. तो मोतीबिंदू असू शकतो, किंवा पडद्याचा कर्करोग असू शकतो, ज्यात उशीर जिवावर बेततो. एका डोळ्याचा दाट जन्मजात मोतीबिंदू पहिल्या सहा आठवड्यांत आणि दोन्ही डोळ्यांचा साधारण आठ-दहा आठवड्यांत काढला तर नजर चांगली घडण्याची आशा असते. 'बाळ अजून लहान आहे, वर्षाचं होऊ दे' हा सल्ला कुणीही दिला तरी मानू नका. तिसरा महिना संपला तरी बाळ चेहऱ्याकडे टक लावून पाहत नसेल, किंवा त्याचे डोळे सतत लुकलुकल्यासारखे इकडे-तिकडे हलत असतील, तर तेही तातडीचंच. काजळ मात्र घालू नका. त्यानं डोळे मोठे होत नाहीत, जंतुसंसर्ग होतो आणि काही काजळांत शिसं असतं.

आता घरची तपासणी. वर्ष-दोन वर्षांच्या मुलाला मांडीवर बसवा, दुसऱ्या कुणाला समोर आवाज न करणारं खेळणं धरायला सांगा आणि तळव्यानं, डोळा न दाबता, आधी एक डोळा झाका, मग दुसरा. एक डोळा झाकल्यावर मूल निवांत खेळत असेल आणि दुसरा झाकताच रडून हात ढकलत असेल, तर उघडा राहिलेला डोळा कमजोर असण्याची शक्यता मोठी आहे. चार-पाच वर्षांच्या मुलाला भिंतीवरच्या कॅलेंडरपासून दहा फुटांवर उभं करा आणि एकेका डोळ्यानं तारखा वाचून घ्या. झाकण्याचं काम मुलावर सोपवू नका. मुलं बोटांच्या फटीतून बघतात आणि तुम्हाला वाटतं, सगळं ठीक आहे. एका डोळ्यानं मूल अडखळलं, डोकं वळवू लागलं, तर डॉक्टरांकडे जा. मूल अडखळलं नाही तरी तीन-चार वर्षांच्या दरम्यान एकदा पूर्ण तपासणी कराच. घरात कुणाला लहानपणी तिरळेपणा, मोठा नंबर किंवा आळशी डोळा असेल तर त्याहूनही आधी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांत एकदा येतात, संशय आल्यास पुढे पाठवतात. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका, आणि मिळालेली चिठ्ठी फ्रिजवर लावून विसरू नका.

मुलांचा नंबर चष्म्याच्या दुकानातल्या नुसत्या यंत्रावर काढून भागत नाही. लहान मुलांचं भिंग इतकं लवचीक असतं, की ते ताण देऊन प्लस नंबर लपवतं. म्हणून थेंब किंवा मलम घालून बाहुली मोठी करतात आणि मग नंबर काढतात. थेंबांनंतर जवळचं पुसट दिसतं, ऊन सोसत नाही. कोणतं औषध वापरलं त्यानुसार हे काही तास ते काही दिवस टिकतं. चाचणी परीक्षेच्या आदल्या दिवशी ते नको, एवढीच काळजी घ्या.

उपचाराची पहिली पायरी चष्मा, आणि ती घाईनं ओलांडू नये. पूर्ण वेळ चष्मा लावला तर तीन-चार महिन्यांत बऱ्याच मुलांची नजर नुसत्या चष्म्यानंच सुधारते, काहींना पुढे पट्टी लागतही नाही. चष्मा फक्त अभ्यासापुरता, किंवा पाहुणे आले की काढून ठेवायचा, असं केलं तर मेंदूला दिवसाचे निम्मे तास धूसर चित्र मिळतं. तिरळेपणाच्या एका प्रकारात चष्म्यानं डोळा सरळही होतो. ऑपरेशन लागलं तरी ते डोळा सरळ करतं, मागे पडलेली नजर परत आणत नाही. त्यासाठी पट्टी वेगळी करावीच लागते.

पट्टी चांगल्या डोळ्यावर. हे मुद्दाम लिहितो आहे, कारण आजारी अवयवाला पट्टी बांधायची ही समजूत इतकी पक्की असते, की घरात दुसरं कुणी मुलाला सांभाळत असेल तर कमजोर डोळाच झाकला जातो. मध्यम प्रमाणात मागे पडलेल्या डोळ्याला रोज दोन तास पट्टी लावणं सहा तासांइतकंच उपयोगी ठरतं, आणि डोळा जास्त कमजोर असेल तेव्हा सहा तास दिवसभराइतके, असं अमेरिकेतल्या बालनेत्रतज्ज्ञांच्या गटानं 2003मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत दिसलं. तेव्हा जास्त तास म्हणजे जास्त गुण, असं समजून मुलाला छळू नका. डॉक्टरांनी सांगितलेले तास रोज पाळा. पट्टी कातडीला चिकटणारी असू द्या. चष्म्याच्या काचेवर लावली की मूल वरून किंवा बाजूनं बघतं.

पहिले आठ-दहा दिवस कठीण जातात, कारण तुम्ही मुलाला त्याच्या चांगल्या डोळ्यापासून तोडलेलं असतं. ते धडपडतं, चिडतं, पट्टी ओढून काढतं. ते हट्ट करत नाही, त्याला खरंच नीट दिसत नाही, हे लक्षात ठेवा. पट्टीची वेळ रोज तीच ठेवा. शाळेतून आल्यावर, तुम्ही जवळ असताना. त्या वेळात डोळ्याला जवळचं, बारीक काम द्या: मणी ओवणं, चित्रात रंग भरणं, मटार सोलणं, ताटात पसरलेल्या तांदळातून खडे वेचणं. हे शेवटचं काम मला फार आवडतं. मूल मान खाली घालून, नाक ताटाला लावून एकेक खडा शोधतं आणि सापडला की ओरडतं. पुढच्या महिन्यात नाक ताटापासून चार बोटं वर आलेलं असतं. उन्हाळ्यात कातडी लाल होत असेल तर पट्टी काढताना कडेनं खोबरेल तेल लावा आणि रात्रभर जागा मोकळी ठेवा. मूल पट्टी कशीच ठेवत नसेल तर चांगल्या डोळ्यात ॲट्रोपिनचे थेंब घालून तो तात्पुरता धूसर करण्याचा पर्याय आहे. त्याचेही परिणाम बऱ्याच मुलांत पट्टीइतकेच चांगले येतात. दोन्ही उपायांत ठरलेल्या दिवशी तपासणीला जाणं चुकवू नका, कारण अति झालं तर चांगला डोळाही मागे पडू शकतो.

नऊ-दहा वर्षांच्या मुलांच्या पालकांना 'आता उशीर झाला' असं सांगून परत पाठवलं जातं, हे मला मान्य नाही. सात ते बारा वर्षांच्या मुलांतही चष्मा, पट्टी आणि जवळचं काम यांनी नजर सुधारल्याचं 2005च्या चाचणीत दिसलं आहे. सुधारणा लहान मुलांइतकी नसेल, पण फळ्यावरच्या दोन ओळी जास्त दिसणं ही काही छोटी गोष्ट नाही. एमआयटीतले पवन सिन्हा यांच्या 'प्रोजेक्ट प्रकाश'मध्ये दिल्लीत जन्मजात मोतीबिंदू असलेल्या 8 ते 17 वर्षांच्या काही मुलांची ऑपरेशनं झाली. हातानं चाचपलेली वस्तू त्यांना लगेच नजरेनं ओळखता आली नाही, काही दिवसांत मात्र जमू लागलं. त्यांची बारीक नजर अधूच राहिली, पण चेहरे, वाटा, वस्तू ओळखण्यात ती पुढे जात राहिली. संवेदनशील काळ दार बंद व्हावं तसा एका दिवसात संपत नाही. मेंदूतल्या रोधक पेशी परिपक्व झाल्या की तो सुरू होतो, आणि त्या पेशींभोवती जाळी घट्ट होत जाते तसा हळूहळू ओसरतो. म्हणून सुरुवात जितकी लवकर तितकी बरी, आणि उशीर झाला असला तरी आजच.

नजर सुधारली की पट्टी एकदम फेकून देऊ नका. उपचार थांबल्यावर पहिल्या वर्षात साधारण चारातल्या एका मुलाची नजर पुन्हा घसरते, म्हणून पट्टीचे तास हळूहळू कमी करतात आणि पुढची निदान वर्षभर तपासणी चालू ठेवतात. चष्मा त्यानंतरही राहतो. आणि घरात धाकटं भावंड असेल तर मोठ्याच्या पुढच्या भेटीच्या दिवशी त्यालाही बरोबर घेऊन जा, त्याचेही दोन्ही डोळे वेगवेगळे तपासून घ्या.